उंदीर हे नापासांचं उत्तर

सोनकांबळे सरांनी मला दोन वर्षं शिकवलं आणि दोन मिनिटांत नापास केलं.

आयटीआयला मोटर मेकॅनिकच्या ट्रेडला होतो मी. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, “गाडी चार दिवस उभी आहे. बॅटरी नवी आहे. तरी उतरली. कारण सांग.” मला काही म्हणता काही सुचंना. नेमकी तेव्हाच वर पत्र्यावर खुडबुड झाली आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, “सर, उंदरानं वायर कुरतडली असंल.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांच्या खिशाला कायम दोन पेनं असायची, एक निळं आणि एक लाल. त्यांनी लाल काढलं.

“उंदीर हे नापासांचं उत्तर आहे,” सर म्हणाले. “ज्याला शोधायचा कंटाळा येतो, त्याला उंदीर आठवतो.” आणि दहापैकी शून्य दिलं. ते शून्यही इतकं गोल आणि सुबक की बघत राहावं. खाली सही ठोकली, ‘स’ला लांब शेपूट असलेली. त्या शेपटीत माझं सगळं करिअर अडकलं. मी मेकॅनिक झालो नाही. लातुरात झेरॉक्सचं दुकान टाकलं आणि मनात म्हटलं, सुटलो एकदाचा या माणसाच्या तावडीतून.

नशीब बघा. सर रिटायर झाले आणि राहायला आले कुठं, तर आमच्याच गल्लीत. पहिल्याच दिवशी दुकानासमोर सायकल लावली आणि मोठ्यानं विचारलं, “काय उंदीर, मशीन चालू हाय का?” झालं. तेव्हापासून माझं खरं नाव विलास आहे, हे फक्त माझ्या बायकोला आणि रेशन कार्डाला माहीत.

रिटायर झालेला माणूस बागकाम करतो, नातवंडं फिरवतो, नाही तर पेपरात पत्रं लिहितो. सरांनी यातलं काही केलं नाही. त्यांनी एकच काम धरलं. ज्या गाडीची बॅटरी विनाकारण उतरते, त्या गाडीचा चोर शोधायचा. दुसरं काही सांगितलं की साफ नाही म्हणायचे. ब्रेक लागत नाही, गॅरेजला जा. एसी गार करत नाही, काच खाली घ्या. पण कोणी येऊन म्हणालं, “सर, बॅटरी नवी हाय तरी सकाळी गाडी उठंना,” की सरांचे डोळे चमकायचे. हातातला घास ठेवून उठायचे. फी म्हणून एक कप कोरा चहा, तोही साखर नको. बाकी काही द्यायला गेलं की रागावायचे.

त्यांचं सगळं हत्यार चष्म्याच्या एका जुन्या डबीत मावायचं. त्यात एक छोटा बल्ब, त्याला दोन वायरी, वायरींना दोन चिमटे. त्या बल्बाचं नाव साक्षीदार. गाडी पूर्ण बंद करायची, बॅटरीची काळी वायर सोडायची आणि बॅटरी व वायर यांच्या मधे साक्षीदाराला उभा करायचा. गाडी बंद असूनही बल्ब पेटला, म्हणजे आत कोणीतरी गुपचूप करंट खातंय. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला बल्ब विझला, त्या वाटेवर चोर बसलाय. मी हे दोन वर्षं शिकलो होतो आणि दोन वर्षं मला कळलं नव्हतं. सरांनी गल्लीतल्या बायकांना ते दहा मिनिटांत समजावलं.

त्यांची वाक्यं ठरलेली होती. “करंट खोटं बोलत नाही, मालक बोलतो.” “चोर बाहेरून येत नाही, आधी घरातल्यांना विचारा.” आणि सगळ्यात लाडकं, “जे निघेल ते तोंडावर सांगणार.” हे तिसरं वाक्य लई महागात पडायचं, सरांना नाही, मालकांना.

आमच्या गल्लीत दातांचे एक डॉक्टर आहेत. त्यांनी नवी गाडी घेतली आणि दसऱ्यानंतर ती रोज सकाळी मेलेली. सर साक्षीदार घेऊन आले. पण या नव्या गाड्यांची एक खोड असते. गाडी बंद केली तरी तिच्या आतली यंत्रं लगेच झोपत नाहीत, अर्धा तास, पाऊण तास जागीच राहतात. तेवढ्यात कोणी दाराला हात लावला की परत जागी होतात आणि परत पहिल्यापासून वाट बघायची. सरांनी गल्लीला सांगितलं, “गाडीला झोप लागू द्या. कोणी जवळ यायचं नाही.”

आता गल्लीला एवढं सांगितलं की गल्ली त्याच्यापुढं जाते. बायकांनी पोरांची तोंडं दाबली. गिरणीवाल्या मुंडेकाकूंनी पिठाची गिरणी बंद केली. भाजीवाला आला, त्याला सगळ्यांनी ओठांवर बोटं ठेवून दाखवली, तर तो बिचारा गाडा ढकलत कुजबुजत गेला, “मेथी… मेथी… कोथिंबीर…” सरांनी कोणाला गप्प बसा म्हटलंच नव्हतं, लांब राहा एवढंच म्हटलं होतं. पण ती शांतता त्यांना आवडली असावी, कारण त्यांनी चूक दुरुस्त केली नाही. गाडी झोपली आणि साक्षीदार तरी पेटलेला. आतल्या दिव्याचा फ्यूज काढला तर विझला. दाराच्या फटीत बटण असतं, दार लागलं की ते दाबलं जातं आणि आतला दिवा विझतो. त्या बटणात दसऱ्याच्या हारातला झेंडूचा देठ अडकला होता. सरांनी तो चिमट्यानं काढला, डॉक्टरांच्या तळहातावर ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “लोकांच्या दातातलं काढता, स्वतःच्या गाडीतलं दिसलं नाही.” डॉक्टर हसले, पण त्यानंतर सरांच्या दाढेला भूल जरा कमीच दिली, असं सर स्वतः सांगायचे.

पण खरी गंमत झाली ती रेणापूरच्या माजी सभापतींची. सभापतींचा मोठा रुबाब. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, मागं चार माणसं. त्यांच्या गाडीचा करंट डिकीच्या दिव्याकडं जात होता. डिकी उघडली की दिवा लागतो, लावली की विझतो. विझतो का नाही, हे बघायचं कसं? मी मोठ्या हुशारीनं म्हटलं, “सर, मोबाईलचं शूटिंग चालू करून आत ठेवू.”

“मोबाईलची साक्ष चालत नाही,” सर म्हणाले. “माणूस पाहिजे.”

आता कोण जाणार आत? चार माणसांनी चार दिशांना बघितलं. तेव्हा सभापतीच पुढं झाले. “दुसऱ्याच्या डोळ्यावर माझा इस्वास न्हाई. मी सोता बघतो.” आणि धोतरासकट, टोपीसकट हा माणूस डिकीत जाऊन पाय मुडपून पडला. सरांनी डिकी लावली.

आतून आवाज आला, “चालू हाय! लाइट चालू हाय!”

“बरोबर,” सर म्हणाले. “आता बाहेर या.” बटण दाबलं. डिकी उघडंना. त्या गाडीची डिकी फक्त करंटवर उघडायची आणि आधीच अर्धमेली बॅटरी एवढ्यात गतप्राण झाली होती. आतून सभापती आनंदानं ओरडले, “बंद झाली! सर, आता लाइट बंद झाली बघा!”

मग धावपळ. आणि त्यातच सभापतींचा फोन वाजला. आम्ही सगळे बाहेर उभे आणि आतून स्पष्ट ऐकू येतंय, “हाव हाव, मीटिंग चालू करा तुम्ही. येतोच. जरा डिकीत हाय… डिकीत, डिकीत! गाडीच्या!” शेवटी मागची सीट पाडून त्यांना आधी टोपी, मग डोकं, मग बाकीचे सभापती असं बाहेर काढलं. केस उभे, धोतराला ग्रीस. आणि सरांनी काय विचारावं? “दिवा डाव्या अंगाला होता का उजव्या?” वर सगळ्यांसमोर निकाल दिला की सभापतींनी ज्वारीचे कट्टे ठासून ठासून भरले, त्यानं कुलपाचा पत्रा वाकला, म्हणून दिवा विझत नाही, आणि दोष शंभर टक्के मालकाचा. सभापती त्यानंतर सरांशी कधी बोलले नाहीत. सरांना त्याचं काहीच वाटलं नाही. “निघालं ते सांगितलं,” एवढंच म्हणाले.

हे सगळं मी का सांगायलोय, तर असा माणूस, ज्यानं सभापतीला सोडलं नाही, डॉक्टरला सोडलं नाही, मला तर नाहीच नाही, त्याच्यावर आमच्या वैशूचं लग्न येऊन ठेपलं.

वैशू माझी धाकटी बहीण. नांदेडचं स्थळ आलं. मुलगा अभिजित, तिथं त्याचं औषधांचं दुकान. मुलगा शांत, हसरा. पहिल्याच भेटीत दोघं चहाचे कप समोर ठेवून एवढं बोलत बसले की चहावर साय धरली. वैशूनं आत येऊन मला सांगितलं, “दादा, मला हेच पाहिजे.” आमची वैशू साडी घ्यायला तीन दुकानं फिरते, पण नवरा पहिल्याच दुकानात पसंत केला. मला लई बरं वाटलं.

आणि जायला निघाले तर त्यांची गाडी चालू होईना.

पहिल्या वेळी सगळे हसले. सर तेव्हा इस्लापूरला मुलीकडं गेले होते. डॉक्टरांच्या गाडीवरून वायरी जोडल्या आणि पाहुणे गेले. अभिजितनं नांदेडला जाऊन नवी बॅटरी टाकली. पंधरा दिवसांनी बोलणी करायला परत आले. अकराला आले, चारला निघाले, गाडी परत मेलेली. नवी बॅटरी! या वेळी सर होते. त्यांनी गाडीला जीव दिला, पाहुणे आत परत चहा-फराळाला बसले तोवर झोपू दिली, साक्षीदार लावला. बल्ब काळाठिक्कर. एक थेंब करंट कुठं जात नव्हता.

“गाडी निर्दोष आहे,” सर म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं तोंड पडलेलं मी बघितलं.

त्यातच गिरणीवाल्या मुंडेकाकू पुढं आल्या. यांना कोणी बोलावलं नव्हतं. “मी सांगू का?” म्हणाल्या. “ही गाडी मला डोळा मारती. भर दुपारी, आत कोणी न्हाई, अन् माझ्याकडं बघून दोनदा मारला.”

सगळे हसले, एक माणूस सोडून. अभिजितची गोदाआत्या. अभिजित लहान असताना त्याची आई गेली आणि या विधवा आत्यानं त्याला वाढवलं. बारीक अंगाची, पांढऱ्या केसांची बाई, आवाज कधी चढत नाही, पण घरात शब्द तिचाच. उजवा हात सदानकदा भगव्या गोमुखीत, म्हणजे जपमाळ ठेवायच्या कापडी पिशवीत. ओठ हलतायत, आत बोटं मणी ओढतायत. आमच्याकडं आल्यावरही बैठकीच्या खिडकीशी बसून दिवसभर तेच.

आत्या म्हणाली, “नांदेडात या गाडीला कधी काही झालं न्हाई. इथं दोनदा झालं, अन् दोन्ही वेळा पोरीच्या दारात. मला पोरगी आवडली, मी खोटं बोलत न्हाई. पण माझ्या मनात शंका येऊन राहिली. सुपारीला येऊ तेव्हा बघू. तिसऱ्यांदा बंद पडली तर देवाची मर्जी न्हाई समजायचं.”

अभिजितनं फोनवर वैशूला सांगितलं, “मी समजावतोय. पण आत्याच्या शब्दाबाहेर मला जाता येणार नाही. तिनं माझ्यासाठी काय काय केलंय, तुला माहीत नाही.” वैशू स्वयंपाकघरात कणीक मळता मळता रडली. मग डोळे पुसले आणि पिठाच्या हातानंच सरांच्या घरी गेली. मी मागं.

सर बुद्धमूर्तीपुढच्या मेणबत्त्या सारख्या करत होते. वैशू म्हणाली, “सर, तुम्ही शोधाल ना?”

“शोधल्याशिवाय राहीन का?” सर म्हणाले. “अपशकुन म्हणजे न सापडलेला दोष. पण बाई, एक ऐक. जे निघेल ते मी सांगणार. कोणाचं का असेना.”

“सांगा,” वैशू म्हणाली. आम्हाला काय माहीत काय निघणार ते.

दुसऱ्या आठवड्यात मी आणि सर एसटीनं नांदेडला गेलो. सरांचं म्हणणं, गुन्हेगार बघायचा तर त्याच्या घरी बघावा. गाडी घराच्या मागं शेडमध्ये होती. तीन दिवस उभी आणि बॅटरी भरलेली. सरांनी सगळे फ्यूज तपासले, मग घरातल्या एकेकाची उलटतपासणी घेतली. शेवटी पुढच्या देवघराशी बसलेल्या आत्याला विचारलं, “आत्या, तुम्ही गाडीत काही ठेवता का? उघडता, झाकता?”

“मी गाडीला हात बी लावत न्हाई,” आत्या म्हणाली. “दारसुद्धा आभ्याच उघडतो.” आणि ते अगदी खरं होतं.

परतीच्या एसटीत सर अहमदपूरपर्यंत साक्षीदाराची डबी उघडत-झाकत बसले. मग एकदम म्हणाले, “उंदीर, गाडी निर्दोष. म्हणजे दोष तुझ्या दारात.”

मला राग आला. “सर, दाराला कुठं फ्यूज असतो?”

“तेच शोधायचंय,” म्हणाले आणि झोपले.

सुपारीच्या दिवशी सर सकाळपासून गल्लीत. त्यांनी मुंडेकाकूंच्या गिरणीच्या भिंतीशी स्टूल टाकलं, हातात रजिस्टर. ते रजिस्टर म्हणजे त्यांचा जीव. त्यात प्रत्येक गाडी, मालक आणि दोष. आणि शेवटच्या रकान्यात स्वतःच्या निदानाला दहापैकी गुण, लाल पेनानं. मास्तरकी रिटायर होत नाही.

पाहुणे अकराला आले. गल्ली अरुंद, त्यामुळं गाडी दर वेळी एकाच जागी लागायची. आमच्या बैठकीच्या खिडकीखाली, तोंड गिरणीच्या भिंतीकडं. आत बोलणी सुरू झाली, पानसुपारी फिरली. मी मधून मधून बाहेर येऊन सरांकडं बघायचो. गिरणी घरघरत होती, ऊन रणरणत होतं. सर गाडीकडं बघतच नव्हते. भिंतीकडं बघत होते.

मी जवळ गेलो तसं त्यांनी छत्री उघडून भिंतीवर सावली पाडली. सावलीत दोन पिवळे गोल. गाडीचे हेडलाइट चालू होते! गाडीत चिटपाखरू नाही, आणि उन्हामुळं ते कोणाला दिसलेच नव्हते. गिरणीच्या आवाजात कुलपाची खटखटही ऐकू येत नव्हती.

“हे बघ,” सर कुजबुजले आणि रजिस्टर पुढं केलं. त्यात लिहिलं होतं: सव्वाअकरा, चालू. बारा, चहा आत गेला, बंद. बारा वाजून दहा, कप बाहेर आले, चालू. एक वाजता जेवण, बंद. पावणेदोन, चालू. “गाडी चहा पिते, जेवते, आणि मग कामाला लागते. असा दोष मी जन्मात पाहिला नाही.”

मला हसावं का रडावं कळंना. सर उठले आणि हळूच खिडकीपाशी आले. आत गजाला टेकून गोदाआत्या बसलेली. डोळे मिटलेले, हात गोमुखीत. सरांनी आत्याच्या हाताकडं बघितलं, मग भिंतीकडं. हाताकडं, भिंतीकडं. पिशवीच्या आत अंगठा हलला की इकडं गाडीचे दिवे डोळे मिचकावून परत उजळायचे. अंगठा, दिवे. अंगठा, दिवे.

मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. गाडीची दुसरी किल्ली! रिमोटची! नंतर कळलं, अभिजितनं एकदा जत्रेत किल्ली हरवली होती, तेव्हापासून दुसरी किल्ली आत्यानं स्वतःकडं ठेवली होती, जिथं कोणाचाही हात जाणार नाही अशा जागी. गोमुखीत. मणी ओढता ओढता अंगठा बटणावर. एका माळेला एकशे आठ वेळा. प्रत्येक दाबाला गाडी कुलूप उघडणार आणि मालक येतोय समजून अर्धा मिनिट हेडलाइट लावून ठेवणार. नांदेडात देवघर पुढं, शेड मागं, तिथवर रिमोट पोचायचा नाही. आमच्याकडं गाडी नेमकी खिडकीखाली. बिचारी गाडी दिवसभर आत्याचा जप करत होती!

मी तोंडावर हात दाबून हसलो. आणि मग माझं हसू गेलं, कारण सर आत निघाले होते.

जे निघेल ते तोंडावर सांगणार. सभापतीला सांगितलं, आता आत्याला सांगणार, तेही पन्नास पाहुण्यांसमोर, की बाई, अपशकुन तुमच्या माळेत आहे. संपलं. कुठल्या तोंडानं ती बाई परत आमच्या दारात येईल? मी मागून सरांचा शर्ट ओढला. त्यांनी हात झटकला.

बैठकीत सगळ्यांनी वळून बघितलं. सर तपासाला बसलेत हे सगळ्यांना माहीत होतं. वैशू चहाचा ट्रे घेऊन आतल्या दारात उभी. आत्यानं डोळे उघडले. “काय निघालं, सर?”

सरांनी खिशाला हात लावला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. वैशूकडं बघितलं. आत्याकडं बघितलं. शेवटी माझ्याकडं बघितलं, आणि मी शपथेवर सांगतो, त्या नजरेत माफी मागितल्यासारखं होतं.

“उंदीर,” सर म्हणाले.

मी मटकन खालीच बसलो.

“उंदरानं रिमोटच्या वायरीला दात लावलेत,” सर जमिनीकडं बघत भराभरा बोलायला लागले. “त्यामुळं गाडी आपोआप जागी होते. उपाय सोपा. इथं आलात की गाडीच्या दोन्ही किल्ल्या स्टीलच्या डब्यात ठेवायच्या, झाकण घट्ट लावून. दोन्ही.”

“दोन्ही?” अभिजित म्हणाला. “दुसरी कुठंय, आत्या?”

आत्याचा गोमुखीतला हात थांबला. तिनं खिडकीतून भिंतीकडं बघितलं, मग सरांकडं. “आले,” म्हणाली आणि आत गेली. परत आली तेव्हा किल्ली पदरात होती. माझ्या बायकोनं चिवड्याचा डबा परातीत रिकामा करून आणला. आत्यानं त्यात किल्ली टाकली आणि झाकण स्वतः दाबून बसवलं.

कोणीतरी म्हणालं, “पण उंदीर म्हणजे…”

“उंदीर म्हणजे गणपतीचं वाहन,” आत्या ठामपणे म्हणाली. “पोरीच्या दारात गाडीत येऊन बसला. ह्याच्याहून शुभ काय पाहिजे? फोडा सुपारी.”

चार वाजता डबा उघडला, गाडी एका दमात चालू झाली. वैशूनं सरांच्या पाया पडायचा प्रयत्न केला, तर ते सायकलवर बसून पळाले. चहासुद्धा घेतला नाही.

लग्न नांदेडला झालं. पाठवणीच्या वेळी सर गाडीजवळ उभे होते, खिशात साक्षीदार. रडारड चालू होती, मीही रडत होतो. तेवढ्यात आत्या गर्दीतून सरांपाशी आली आणि त्यांच्यासमोर गोमुखी उलटी केली. फक्त माळ बाहेर आली.

“बघून घ्या,” आत्या म्हणाली. “उंदीर न्हाई.”

सरांनी हात जोडले.

“माझ्यासाठी खोटं बोललात.”

“पोरीसाठी,” सर म्हणाले. “जन्मात पहिल्यांदा.”

“मग तुमच्या नावानं रोज एक माळ ओढीन.”

“मला ते पटत नाही, आत्या.”

“तुम्हाला कुठं पटवून राहिले? माझी माळ, माझा अंगठा.” दोघंही हसले, आणि त्यांना हसताना बघून मला अजून रडू आलं.

परवा सर दुकानात आले. आयटीआयच्या पोरांना द्यायला रजिस्टरची झेरॉक्स पाहिजे होती. मी पानं उलटवत मशीनवर टाकत होतो. डॉक्टर, झेंडूचा देठ, दहापैकी दहा. सभापती, ज्वारीचे कट्टे, दहापैकी नऊ. एक गुण बहुतेक डिकीचा कापला असावा. आणि मग नांदेडची गाडी. दोष या रकान्यात निळ्या पेनानं लिहिलं होतं, ‘उंदीर’. पुढं लाल पेनानं, गोल, सुबक शून्य. खाली शेरा, ‘खोटं निदान. नापास.’ आणि सही, ‘स’ला लांब शेपूट असलेली.

मी ते पान हातात धरून तसाच उभा राहिलो. मशीनचा दिवा येरझारा घालत होता.

सरांनी ते पान माझ्या हातातून काढून घेतलं, घडी न पडू देता रजिस्टरात ठेवलं.

“वाचलंस ना?” म्हणाले. “आता आपण दोघं सारखे. चहा सांग, कोरा. अन् लवकर सांग, विलास. निलंग्याची एक गाडी कोपऱ्यावर उभी करून आलोय, झोपली असंल आता.”

चहा पिऊन ते निघाले. कोपऱ्यावर भाजीवाला उभा होता. सरांनी जाता जाता त्याच्याकडं बघून ओठांवर बोट ठेवलं.